दोहाची सत्तर मिनिटे

जहाजाची सफर कशी झाली, असे वस्तीत जो तो विचारतो. मी सांगायला लागतो बार्सिलोनाचे, मार्सेयचे, नेपल्सच्या मागे उभ्या असलेल्या व्हेसुव्हियस डोंगराचे. आणि पाच मिनिटांत गाडी येऊन थांबते ती दोहाच्या विमानतळावर. सौ. म्हणते, "तुम्हाला समुद्र दाखवायला नेलं आणि तुम्ही विमानतळ बघून आलात." तिचे म्हणणे खोटे नाही. तेव्हा समुद्राचे वर्णन वाचकांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकावे. हे वर्णन परतीच्या एका दिवसाचे आहे.

थोडी ओळख द्यायला हवी. मी बेस्टमध्ये ३१ वर्षे कंडक्टर होतो. राहायला विक्रोळीच्या कन्नमवारनगरात. आमचा थोरला मुलगा २०१२ पासून प्रवासी जहाजावर धोबीखान्यात काम करतो. आठ-नऊ महिने जहाजावर, मग दीड-दोन महिने घरी, असा त्याचा संसार. त्याच्या कंपनीत कर्मचाऱ्याच्या आईवडिलांना कमी भाड्यात एक सफर मिळते. दोन वर्षे तो मागे लागला होता. शेवटी मे २०२३ मध्ये आम्ही दोघे निघालो. विमानाचे भाडे माझ्या ग्रॅच्युइटीतून बाजूला ठेवलेल्या पैशांतून गेले. व्हिसासाठी बँकेचे कागद, तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा, बोटांचे ठसे, सगळे यथासांग झाले.

आता मूळ चूक कुणाची, ते आधीच सांगून टाकतो. माझी.

जहाज रोमच्या बंदरावर सकाळी सहाला लागणार होते. जाणती माणसे सांगतात की, जहाज सुटल्याच्या दिवशी दुपारच्या आधीचे विमान घेऊ नये. समुद्रावर धुके असते, धक्का मोकळा नसतो, सामान उतरायला वेळ लागतो. म्हणून मुलाने दुपारी ४ वाजून १० मिनिटांचे विमान निवडले. तिथपर्यंत उत्तम. पण ते विमान दोहापर्यंतच. तिथे गाडी बदलायची. दोहाहून मुंबईला दोन विमाने जुळत होती. एकात सत्तर मिनिटांचा अवधी, दुसऱ्यात साडेसहा तासांचा. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, उशिराचं घ्या. आईचे गुडघे बघा." मी म्हणालो, "सत्तर मिनिटांत माझी बस घाटकोपरहून निघून मुलुंडला जाऊन परत यायची. रात्रभर बाकड्यावर बसायला मी काय भिकारी आहे?" तो पुढे काही बोलला नाही. तसा तो २०१८ पासून माझ्याशी प्रवासाच्या विषयावर कमीच बोलतो. त्याचे कारण पुढे येईल.

सफरीच्या शेवटच्या रात्री जहाजावर बॅगा खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. प्रत्येक बॅगेला रंगीत, नंबरची पट्टी बांधतात. रात्रीत कर्मचारी त्या खाली नेतात आणि सकाळी धक्क्यावरच्या शेडमध्ये रंगाप्रमाणे मांडून ठेवतात. रात्री अकराच्या आत बॅग बाहेर गेली पाहिजे. सौ.ने औषधे, पासपोर्ट आणि एक साडी हातातल्या पिशवीत काढून ठेवली. मी शिस्तीचा माणूस. सगळे नीट भरले, पट्टी बांधली, बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी उठून बघतो तर माझे बूटही बॅगेतच गेलेले. पायात राहिल्या त्या आंघोळीच्या रबरी चपला. सौ. हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते.

सकाळी साडेसातला मुलगा भेटायला आला. पाच मिनिटांसाठी. प्रवासी उतरण्याचा दिवस म्हणजे आपल्याला वाटते सगळ्यांची सुट्टी. धोबीखान्याला तो वर्षातला सर्वात मोठा दिवस असतो, आणि तो दर आठवड्याला येतो. साडेतीन हजार माणसे सकाळी उतरतात, संध्याकाळी तितकीच दुसरी चढतात. मधल्या आठ-दहा तासांत प्रत्येक खाटेची चादर, अभ्रा, पंचा बदलायचा. तो आम्हाला कर्मचाऱ्यांच्या वाटेच्या दारापर्यंत घेऊन गेला. जहाजाच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक बोळ असतो. कर्मचारी त्याला अमेरिकेतल्या एका महामार्गाच्या नावावरून 'आय-९५' म्हणतात. दार उघडे होते तेवढ्यात आत पाहिले. चादरींनी भरलेल्या जाळीच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या. फिलिपिन्सची, इंडोनेशियाची, आपल्याकडची पोरे त्या ढकलत होती. वर संगमरवर आणि पियानो, खाली हे. आठ दिवस आम्ही त्याच्या डोक्यावर राहिलो आणि ही वाट पाहिली ती शेवटच्या पाच मिनिटांत.

"दोहाला उतरलात की दुकानं बघत थांबू नका," तो म्हणाला. "पाट्या बघा, ट्रान्स्फरची पाटी. आईसाठी मी व्हीलचेअर सांगितलीय. ती नाही म्हणेल, तुम्ही हो म्हणा."

मला राग आला. ३१ वर्षे मी लोकांना पाट्या वाचून दाखवल्या. पण बोललो नाही.

रोमचे बंदर म्हणजे रोम नव्हे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. गावाचे नाव चिव्हिताव्हेकिया. इटालियन भाषेत अर्थ सरळ आहे, जुने शहर. रोम इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर आत. हे बंदर बांधले रोमन सम्राट ट्राजनने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. प्लिनी नावाच्या त्याच्या एका अधिकाऱ्याने समुद्रात दगड टाकून बांध कसा उभा राहिला, ते पत्रात लिहून ठेवले आहे. दगड कुणी उचलले त्यांची नावे अर्थातच पत्रात नाहीत. धक्क्यालगत मायकेल अँजेलोच्या नावाचा किल्ला आहे, जाडजूड आणि बुटका. त्याच्या भिंतीजवळून बंदराची बस आपल्याला बाहेर सोडते. तिथून रेल्वे स्टेशन जवळ आहे आणि रोमला जायला गाड्याही भरपूर. पण दोन बॅगा आणि गुडघे घेऊन रेल्वेचे जिने नकोत म्हणून आम्ही चारजणांत मिळून एक गाडी केली. विमानतळ फ्युमिचिनो गावी, समुद्राच्या बाजूलाच, साठेक किलोमीटरवर. तासाभरात पोचलो. अकरा वाजले होते. विमानाला पाच तास. रोम शहर मनात आणले असते तर पाहता आले असते, पण सामान कुठे ठेवायचे आणि परत वेळेत येणार कसे, या धास्तीत आम्ही काचेच्या इमारतीत बसून राहिलो. दुपारी भाकरीऐवजी पाव खाल्ला.

आमच्या गाडीत नाशिककडचे एक जोडपे होते. त्यांचे बोलणे ऐकून मी मनात थोडा सुखावलो, हे कबूल करतो. त्यांनी रोम ते दोहा एक तिकीट आणि दोहा ते मुंबई दुसरे, असे स्वतंत्र घेतले होते, चार पैसे वाचावेत म्हणून. आमचे तिकीट एकच होते. फरक मोठा आहे आणि ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी तो समजून घ्यावा. एकाच तिकिटावर दोन विमाने असली आणि पहिले उशिरा पोचल्यामुळे दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात बसवून घरी पोचवणे ही विमान कंपनीची जबाबदारी. तिकिटे वेगवेगळी असली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त गैरहजर. पैसे गेले, नवे तिकीट काढा. बॅगही मध्ये उतरवून घ्यावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते. बॅग देताना मिळालेल्या चिठ्ठीवर शेवटची तीन अक्षरे कोणती, ते खिडकीवरच वाचावे. मुंबईची अक्षरे बी-ओ-एम. जुन्या बॉम्बे नावाची ती आठवण विमानवाल्यांनी अजून जपली आहे. आमच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर बी-ओ-एम होते. मी त्या तिकिटांच्या गड्डीसारख्या घडी घालून वरच्या खिशात ठेवल्या.

व्हीलचेअर आली. सौ. म्हणाली, "मी काय आजारी आहे?" युरोपात ही सोय फुकट असते, फक्त अठ्ठेचाळीस तास आधी कळवावे लागते. मुलाने ते केले होते. पण ती बसेना. पासपोर्टवर शिक्का मारून घेतला, पुढे एक छोटी आगगाडी घेऊन दूरच्या फाटकांकडे जायचे होते. तिथवर चालताना ती दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मीच खुर्ची बोलावली. खुर्चीत बसल्यावर तिने पदर डोक्यावरून घेतला. कोण ओळखीचे बघणार होते रोममध्ये?

विमानात बसलो. दार लागले आणि विमान उभेच राहिले. सुटायला रांग होती, आकाशातला रस्ता मिळेना, असे काहीसे सांगितले. दहा मिनिटे, वीस मिनिटे. मी घड्याळ काढून मांडीवर ठेवले. बस ट्रॅफिकमध्ये अडकली की प्रवासी कंडक्टरकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने मी हवाईसुंदरीकडे पाहत होतो. आपण काय करू शकतो, असे मी तेव्हा प्रवाशांना म्हणायचो. तिनेही नेमके तेच म्हटले, इंग्रजीत. पंचेचाळीस मिनिटांनी विमान हलले.

मग साडेपाच तास मी हिशेब केला. दोहाचे घड्याळ रोमपेक्षा एक तास पुढे. पोचायची वेळ पावणेअकरा, आता साडेअकरा होणार. मुंबईचे विमान ११ वाजून ५५ मिनिटांनी. पण ५५ ही सुटायची वेळ. फाटक त्याच्या वीस मिनिटे आधी बंद होते, म्हणजे ३५ ला. प्रत्येक विमानतळावर गाडी बदलायला कमीत कमी किती मिनिटे हवीत, ते ठरलेले असते आणि त्याहून कमी अवधीचे तिकीट कंपनी एकत्र विकत नाही. आमची सत्तर मिनिटे नियमात बसत होती. पण त्या नियमात सौ.चे गुडघे धरलेले नसतात, आणि माझ्या रबरी चपलाही नाहीत.

वैमानिकाने थोडा वेळ भरून काढला. उतरण्याआधी हवाईसुंदरीने आम्हाला मागच्या रांगेतून उठवून पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसवले आणि ज्यांची पुढची विमाने लगेच आहेत त्यांना आधी उतरू द्यावे, असे सर्वांना सांगितले. व्हीलचेअरवाल्यांना सहसा सर्वांत शेवटी उतरवतात, हे मला तिथे कळले. सौ.ने मात्र कुणाची वाट पाहिली नाही. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत स्वतःच दारापर्यंत चालत गेली. रात्रीचे ११ वाजून १९ मिनिटे झाली होती.

दाराबाहेर खुर्ची घेऊन एक नेपाळी मुलगा उभा. हातात मुंबईचा कागद. सौ. एक शब्द न बोलता बसली. "काका, पळू नका, फक्त माझ्या मागे राहा," तो हिंदीत म्हणाला आणि स्वतः पळत सुटला.

आधी पुन्हा तपासणी. विमान बदलणाऱ्यांचीही पिशवी यंत्रातून जाते. सौ.ची पिशवी गेली, माझी थांबली. रोमच्या विमानतळावर नळाचे पाणी भरून घेतलेली बाटली आत होती. अर्ध्या लिटरच्या पाण्यासाठी दोन मिनिटे गेली. बाटली त्यांच्या हातात देऊन मी निघालो तर चपलेचा एक अंगठा सुटला.

दोहाचा हा विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. मधल्या भव्य चौकात एक पिवळे अस्वल बसवले आहे, तीन माणसे एकावर एक उभी राहिली तरी त्याच्या डोक्याला पोचणार नाहीत एवढे, आणि त्याच्या डोक्यातून दिव्याची कमान बाहेर आलेली. उर्स फिशर या स्विस कलावंताचे काम. लोक त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढत होते. मी एक चपल पायात आणि एक हातात घेऊन त्या अस्वलासमोरून धावलो. पुढे छताजवळून धावणारी छोटी गाडी आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेते. तिच्यात चढलो तेव्हा श्वास घ्यायला दीड मिनिट मिळाले. पोराला विचारले, घरी कधी गेला होतास? म्हणाला, दोन वर्षे झाली.

आणि त्या दीड मिनिटात मला २०१८ आठवले.

त्या वर्षी माझी आई गेली. मुलगा तेव्हा अमेरिकेकडच्या जहाजावर होता. कंपनीने त्याला मायामीला उतरवले, तिकीट दिले. मधल्या एका विमानतळावर पंचावन्न मिनिटांत विमान बदलायचे होते. ते तिकीट त्याने निवडलेले नव्हते, मिळेल ते घ्यायचे होते. ते विमान चुकले. आम्ही आईला सकाळी अकरापर्यंत ठेवले. त्याहून जास्त थांबणे शक्य नव्हते. तो दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोचला. आजीनेच त्याला वाढवले होते. आणि दारात मी त्याला, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालो, "एवढी माणसं वेळेवर पोचतात, तुलाच धावता येईना?"

११ वाजून ३३ मिनिटांनी आम्ही फाटकावर होतो. आमच्या मागून आणखी दोघे आले, मग दोरी लागली. तिसरा एक तरुण तीन-चार मिनिटांनी आला. हात जोडत होता. त्याला सोडले नाही. मला हे नवीन होते. धावत येणारा माणूस दिसला की मी एक घंटी देऊन बस थांबवायचो, तो चढला की दोन घंट्या. डेपोत मेमो मिळाला तरी चालेल. पण विमानात तसे होत नाही. दार लागण्याआधी किती माणसे, किती सामान, किती वजन याचा कागद वैमानिकाला द्यावा लागतो. न आलेल्या माणसाची बॅग शोधून पोटातून बाहेर काढावी लागते. ते एकदा झाले की मग दया करायची कुणी, हा प्रश्नच उरत नाही. नाशिकचे जोडपे या विमानात दिसले नाही.

नेपाळी मुलाला मी खिशातली पाच युरोची नोट दिली. आधी नको म्हणाला, मग घेतली आणि रिकामी खुर्ची घेऊन पुढच्या दाराकडे पळाला.

पहाटे पावणेसहाला मुंबई. पट्ट्यावर एक बॅग आली, सौ.ची. माझी नाही. चाळीस मिनिटांत माणूस धावू शकतो, बॅगेला कुणी ढकलावे लागते. तिथल्याच खिडकीवर चिठ्ठी दाखवून बॅग न आल्याचा अर्ज भरला. अर्ज भरल्याशिवाय बाहेर पडू नये, एकदा बाहेर पडलो की आपले म्हणणे कोण ऐकणार? अर्जाचा नंबर जपून ठेवावा. बॅग उशिरा मिळाल्याबद्दल काही मागायचे असेल तर ती हाती आल्यापासून एकवीस दिवसांत लेखी मागावे लागते, मोडतोड असेल तर सातच दिवसांत. हे आंतरराष्ट्रीय करारात आहे, कंपनीच्या मर्जीवर नाही. त्याच रबरी चपलांवर, एकीचा अंगठा सुतळीने बांधून, लिंक रोडने विक्रोळीला आलो. शेजारीण म्हणाली, "परदेशातून आलात आणि हे काय पायात?"

तिसऱ्या दिवशी बॅग घरपोच आली. उघडली तर अगदी वर बूट.

त्याच रात्री मुलाचा फोन आला. जहाज मार्सेयला लागले होते, त्याला अर्धा तास मोकळा मिळाला होता. आईशी बोलला. मग मला म्हणाला, "दोहाला जमलं ना नीट?"

"जमलं," मी म्हणालो. "धावलो." मग थोडा थांबलो आणि विचारले, "तुझं फाटक किती लांब होतं रे?"

"कुठलं?"

"आजीच्या वेळचं."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मला वाटले फोन कटला.

"दुसऱ्या टोकाला होतं," तो म्हणाला. "पोचलो तेव्हा दार लागलं होतं. काचेतून विमान दिसत होतं, बाबा. वीस मिनिटं तिथंच उभं होतं."

मी काही म्हणणार तेवढ्यात मागून कुणीतरी त्याला हाक मारली. चादरींची गाडी आली होती. "ठेवतो," म्हणाला. मी म्हणालो, "ठेव. पण उद्या परत कर."